दीड वर्ष वापरलेलं एमआयएस (मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टम) सॉफ्टवेअर : गांधीबागेतल्या औषधाच्या होलसेल दुकानातून रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. एक कापलाय तो शॉर्ट बुकसाठी, म्हणजे पार्टीने मागितला पण आमच्याकडे नव्हता त्या मालाच्या नोंदीसाठी, त्यावर खाली येतेच.

सॉफ्टवेअरचं नाव टाकत नाहीये, कारण तक्रारी पण लिहिल्यात आणि बनवणारी टीम नागपुरातलीच छोटी आहे, चारपाच जणांची, त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये मला. शिवाय मला जे सांगायचंय ते कोणतंही सॉफ्टवेअर घेतलं तरी उपयोगी पडेल.

आमची गांधीबागेत औषधाची होलसेल एजन्सी आहे, बाबांनी सुरू केलेली. अंदाजे चार हजार आयटम, पार्ट्या शहरातल्या आणि बाहेरच्या पण, म्हणजे काटोल, सावनेर, उमरेड, भिवापूरपर्यंत. बिलिंग तर आमचं वीसेक वर्षांपासून कॉम्प्युटरवरच होतं, पण बिलिंग वेगळं आणि एमआयएस वेगळं हे मला स्वतः गल्ल्यावर बसल्यावर समजलं. बिलिंगवाला प्रोग्राम फक्त काय विकलं ते लिहून ठेवतो. उद्या काय मागवायचं, कोणाची उधारी थांबवायची, कोणता माल आजच परत पाठवला नाही तर पैसे बुडतील, हे एमआयएसने सांगायचं असते. आमच्याकडे ते सगळं बाबांच्या डोक्यात होतं, आणि २०२४ मध्ये बाबांची बायपास झाली तेव्हा दीड महिना ते डोकं दुकानात नव्हतं. त्या दीड महिन्यात आम्ही जे काही मागवलं ते अंदाजपंचे मागवलं. त्याच वर्षीच्या दिवाळीत हे घेतलं.

सगळ्यात आधी एक्सपायरीचा रिपोर्ट, कारण पैसे वसूल झाले ते ह्यातच. आमच्या धंद्यात स्टॉकिस्टला, म्हणजे आमच्यासारख्या होलसेलवाल्याला, मार्जिन आठ-दहा टक्के असतं, त्यामुळे एक डबा एक्सपायर होऊन अंगावर पडला की तसेच दहाबारा डबे विकले तेव्हा कुठे तो भरून निघतो. जुन्या प्रोग्राममध्ये एक्सपायरी लिस्ट निघायची पण ती पुढच्या तीस दिवसांची, आणि तीस दिवसांत करणार काय, रिटेलर तर तीन महिन्यांच्या आतला माल हातात घेत नाही. ह्याच्यात आम्ही तीन टप्पे लावून घेतले. १८० दिवस राहिले की माल सेल्समन भाऊंच्या लिस्टमध्ये वर येतो, आणि ज्या हॉस्पिटलमध्ये तो पटापट लागतो तिथे आधी द्यायचा. १२० ला मी स्वतः एकदा पाहते. ९० ला परतीची तयारी, कारण प्रत्येक कंपनीचा एक्सपायरी परत घ्यायचा नियम वेगळा, मुदत वेगळी, आणि ती मुदत चुकली तर क्रेडिट नोट, म्हणजे परत केलेल्या मालाचे पैसे, विसरा. ह्या मुदती आम्ही कंपनीवार भरून ठेवल्यात, तर रिपोर्ट आता नुसतं एक्सपायर होणार आहे असं नाही सांगत, अमुक तारखेच्या आत पाठवा असं सांगतो. त्यावर मला विचार करायला लागतच नाही, डबा उचलायचा न पॅक करायचा.

पण हे सुरुवातीला असं नव्हतं हं. पहिले तीन महिने हा रिपोर्ट एकदम साफ दिसायचा आणि मी खुश होते. मग एका पार्टीने फोन करून सांगितलं, ताई तुम्ही पाठवलेल्या मालावर दोनच महिने उरलेत. सिस्टममध्ये पाहिलं तर त्याच मालाला चौदा महिने दाखवत होतं. शोधत गेलो तर कळलं की परचेस एन्ट्री करताना सॉफ्टवेअर त्या आयटमची मागच्या बॅचची एक्सपायरी आपोआप भरत होतं, आणि गाडी आली की गोडाऊनमध्ये इतकी घाई असते की एन्ट्री करणारी ताई बॅच नंबर बदलायची आणि खालचा तारखेचा रकाना एन्टर मारून पुढे जायची. तिची चूक नाही, तो रकाना रिकामा असता तर तिने भरलाच असता. दोन रविवार आम्ही घरचे सगळे गोडाऊनमध्ये बसून एकेक रॅक तपासला. वेंडरला सांगून ते आपोआप भरणं बंद करून घेतलं, आता रकाना रिकामाच येतो आणि भरल्याशिवाय बिल सेव्ह होत नाही. ऑगस्ट २०२३ पासून सरकारने ३०० ब्रँडच्या पॅकवर क्यूआर किंवा बारकोड कम्पल्सरी केलाय, त्यात बॅच न एक्सपायरी दोन्ही असतात, तर तेवढ्या मालाला आता स्कॅनर मारतो. बाकीच्यांना हातानेच. त्या दोन रविवारांनंतर मी कोणताही रिपोर्ट पाहिला की पहिला प्रश्न हाच विचारते की हा आकडा कोणी भरला, कधी भरला, आणि भरताना त्याला किती घाई होती.

आता ओआरएस. नागपुरात उन्हाळा काय असते ते बाहेरच्यांना सांगून समजत नाही, मार्च संपता संपता चाळीस, मेमध्ये पंचेचाळीस-सेहेचाळीस, आणि त्या दिवसांत ओआरएस, इलेक्ट्रोलाइटच्या पावडरी, ग्लुकोज ह्यांचा खप कुठल्या कुठे जातो. सॉफ्टवेअरमध्ये रिऑर्डरचं गणित असं होतं की मागच्या ९० दिवसांच्या विक्रीची रोजची सरासरी काढायची, माल यायला जितके दिवस लागतात त्याने गुणायचं, वरून थोडा राखीव साठा धरायचा, आणि स्टॉक त्या आकड्याच्या खाली गेला की ऑर्डर सुचवायची. पुस्तकात पण हेच गणित आहे, चुकीचं नाही. पण १५ मार्चला मागचे ९० दिवस म्हणजे अर्धा डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी आणि अर्धा मार्च, म्हणजे बहुतेक नागपुरातली थंडीच! तर २०२५ च्या मार्चमध्ये सिस्टमने ओआरएसचे जेवढे डबे सुचवले तेवढे मी मागवले, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रॅक रिकामा. तेव्हा कंपनीच्या डेपोमध्ये पण माल नव्हता, कारण सगळ्या विदर्भाचा उन्हाळा एकाच वेळी असतो. मेडिकल चौकातले दुकानदार फोनवर फोन करत होते, आणि बाबा, तेव्हा ते परत यायला लागले होते, त्यांनी फक्त इतकं विचारलं, "काऊन गं, होळीच्या आधी ओआरएस नाही भरलं का?"

बाबांचं कॅलेंडर होळी, पोळा, दिवाळी असं चालतं. होळीच्या आधी ओआरएस, पोळ्याच्या आसपास ताप न डेंगूचं सामान, दिवाळीनंतर खोकल्याची औषधं. चाळीस वर्षांत बसलेलं ते. आमच्याकडे जुन्या प्रोग्राममधला दोन वर्षांचा विक्रीचा डेटा होता, वेंडरने तो टाकला पण होता नवीन सिस्टममध्ये, फक्त गणितात तो कुठेच वापरत नव्हते. मग मी वेंडरकडच्या पोराला दुकानात बोलावलं, चहा पाजला आणि बाबांच्या समोर बसवलं. तीन तास बसले दोघं. त्यातून दीडशेएक सीझनल आयटमची लिस्ट निघाली, त्यांना आता येणाऱ्या महिन्यात मागच्या वर्षी जेवढी विक्री झाली होती ती धरून ऑर्डर सुचते, आणि यावर्षी वाढ किती धरायची तो टक्का मी भरते. यंदाच्या उन्हाळ्यात ओआरएस एकही दिवस संपलं नाही. हे काम मात्र खरेदीच्या वेळी व्हायला हवं होतं, एक उन्हाळा हातचा घालवून नाही.

ह्याच्याहून मोठी गोष्ट सर्पदंशावरच्या इंजेक्शनची. एमआयएसच्या डेमोमध्ये सगळे एबीसी अ‍ॅनालिसिस हटकून दाखवतात, म्हणजे ज्या थोड्या मालात जास्तीत जास्त पैसा फिरतो तो ए, मधला बी, आणि बाकी पसारा सी. छान दिसते ते. त्याच्या बाजूला नॉन-मूव्हिंगची लिस्ट, म्हणजे किती महिन्यांपासून हललेलंच नाही. २०२५ च्या मे महिन्यात मी ती लिस्ट घेऊन बसले, कारण पैसे अडकले होते आणि मला स्टॉक कमी करायचा होता. त्यात अँटी स्नेक व्हेनमचे, म्हणजे ह्याच इंजेक्शनचे, व्हायल (छोट्या बाटल्या) होते, सहा महिन्यांत जवळपास काहीच खप नाही, लाल रंगात दाखवत होतं. मी परतीच्या लिस्टमध्ये टाकले. बाबांनी लिस्ट हातात घेतली, चष्मा लावून एकेक ओळ वाचली आणि म्हणाले, "याले हात नको लावू. पाऊस पडू दे."

त्यांना जास्त सांगावं नाही लागलं. आपल्याकडे हे इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ह्या चार सापांच्या विषावर मिळून बनते, आणि पेरणी सुरू झाली, धानाच्या बांधीत माणसं उतरली की भिवापूर-उमरेडकडच्या लहान हॉस्पिटलचे फोन येतात, आणि तो फोन उद्यावर ढकलता येत नाही. जूनच्या शेवटी आलाच. रात्री साडेनऊला गाडीने व्हायल पाठवले. रिपोर्टच्या हिशोबाने तो माल सी, नॉन-मूव्हिंग, मार्जिन बारीक. सरकारी हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये एबीसीसोबत व्हीईडी पण लावतात, म्हणजे व्हायटल, इसेन्शियल, डिझायरेबल, पैशाने नाही तर नसल्याने काय होईल त्यावरून माल लावायचा. मला हे एमबीएला शिकवलं होतं, परीक्षेत लिहिलं पण होतं, आणि तरी लाल रंग पाहून मी ते व्हायल परत करायला निघाले होते. आता आमच्या सिस्टममध्ये सत्तावन्न आयटमना व्ही मार्क आहे, ते नॉन-मूव्हिंगच्या लिस्टमध्ये येतच नाहीत, त्यांची वेगळी लिस्ट येते आणि त्यात एकच गोष्ट पाहायची, ठरवलेल्या आकड्याच्या खाली गेला का. कोणी सॉफ्टवेअर घेत असाल, औषधाचं असो की शेतीच्या पंपाच्या पार्ट्सचं, असा मार्क लावायची सोय आहे का ते आधी विचारा. आमच्यात नव्हती, सांगून करून घेतली, आणि त्यांनी त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत हे पण सांगते.

डॅशबोर्ड : उघडल्या उघडल्या चौदा ग्राफ. गोल, उभे, आडवे. एकूण रिपोर्ट साठच्या वर. पहिला महिना मी रोज सकाळी सगळं पाहायची आणि दहा वाजेपर्यंत ऑर्डरच जायची नाही, आणि सांगू का, इतकं पाहून पण ठरत काहीच नव्हतं. रसेल अ‍ॅकॉफ म्हणून एक होते मॅनेजमेंट सायन्सवाले, त्यांनी १९६७ मध्येच लिहून ठेवलं होतं की मॅनेजरचा खरा त्रास माहिती कमी पडते हा नाही, नको असलेली माहिती फार येते हा आहे. कॉम्प्युटर खोलीएवढे होते तेव्हाची गोष्ट ही. शेवटी मी एक कागद घेतला आणि उलटं लिहिलं, आधी मी दिवसभरात काय काय ठरवते ते, मग त्या प्रत्येकाला कोणता आकडा लागतो ते. पाच निघाले. आजची ऑर्डर, परतीचा माल, व्ही लिस्ट, कोणत्या पार्टीला बिल द्यायचं न कोणाला थांबवायचं, आणि आज बँकेत किती लागणार. तेवढेच पाच पहिल्या पानावर ठेवलेत. बाकीचे ग्राफ महिन्यातून एकदा, जीएसटी रिटर्नच्या आसपास. सॉफ्टवेअरने हे बदलू दिलं ही त्याची चांगली बाजू.

उधारीचा रिपोर्ट चांगला आहे. ३०, ६०, ९० दिवसांचे रकाने, पार्टीवार, सेल्समनवार, आणि लिमिट ओलांडली की बिलच बनत नाही, माझा पासवर्ड टाकल्याशिवाय. ह्याने वसुली सुधारली यात वादच नाही, सेल्समन भाऊंच्या मोबाइलवर पण दिसते म्हणून ते दुकानात शिरायच्या आधी पाहून जातात. पण इथे एक प्रसंग लिहावासा वाटतो. एक जुना केमिस्ट, पंधरा वर्षांची पार्टी, अचानक ९० च्या रकान्यात. सिस्टमने लॉक केलं. मी पण म्हटलं नियम म्हणजे नियम. सेल्समन भाऊ म्हणाले, ताई एकदा त्यांच्या रोडवर जाऊन या. गेले, तर दुकानासमोर सिमेंट रोडचं काम, अख्खा रस्ता खोदलेला, फळी टाकून दुकानात जायला लागत होतं, म्हाताऱ्या माणसाने औषध घ्यायला यावं कसं? धंदा निम्म्यावर आला होता त्यांचा. आम्ही लिमिट अर्धी केली पण माल बंद नाही केला, दर आठवड्याला थोडे थोडे पैसे घेतले, रोड झाला, चार महिन्यांत खातं साफ. दुसऱ्या एका पार्टीच्या बाबतीत बरोबर उलटं झालं, तिथे मी ओळखीवर लॉक काढलं आणि ते पैसे अजून अडकलेत.

हर्बर्ट सायमन, ज्यांना १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते निर्णयांचे दोन प्रकार सांगायचे, एक ठरलेल्या पद्धतीने होणारे आणि दुसरे ज्यांना तयार पद्धतच नसते. ओआरएसची ऑर्डर पहिल्यातली, एकदा गणित नीट बसवलं की ते मशीनवर सोडा. उधारी थांबवणं मधलं, ९० दिवस झाले हे सिस्टमने सांगावं, पण का झाले ते जाऊन पाहावं लागते. आम्ही आता लॉक काढताना कारण लिहायचा रकाना करून घेतलाय, आणि दर तीन महिन्यांनी मी मागची कारणं वाचते, कोणतं खरं निघालं न कोणतं नाही. माझा स्वतःचा निर्णय किती वेळा बरोबर येतो हे पण दिसलं पाहिजे न कुठेतरी.

जीएसटीच्या वेळचं थोडक्यात. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कौन्सिलने जाहीर केलं की बहुतेक औषधं १२ वरून ५ टक्क्यांवर, काही जीवनरक्षक तर शून्यावर, लागू २२ सप्टेंबरपासून. मधल्या दिवसांत रिटेलर ऑर्डरच देईना, सगळे थांबले, आणि इकडे माल अजिबात नाही मागवला तर बीपी-शुगरची रोजची औषधं संपणार. तेव्हा प्रत्येक आयटम आजच्या खपाने किती दिवस पुरेल हा रिपोर्ट रोज काढला, आठवड्याच्या आत संपणारं तेवढंच मागवलं. ह्या सॉफ्टवेअरने माझी झोप वाचवली ती त्या दिवसांत. २१ च्या रात्री रेट बदलायचं काम पण वेंडरने केलं, सकाळी पंधरावीस आयटमला जुनाच रेट दिसत होता, दुपारपर्यंत झालं.

सपोर्ट : फोन उचलतात, पण संध्याकाळी सहा ते आठ, जेव्हा आमचं सगळ्यात जास्त बिलिंग असते, तेव्हा एकच मुलगा असतो आणि तो बिझी. मोबाइल अ‍ॅप हळू आहे. डेटा एक्सेलमध्ये काढता येतो, पूर्ण, आणि ही गोष्ट मी घेण्याआधी लिहून घेतली होती, कारण आमचा डेटा दुसऱ्याच्या सर्व्हरवर अडकलेला मला चालणार नव्हता. स्कीमचा माल, म्हणजे दहावर एक फ्री, त्याची एन्ट्री नीट शिकून घ्या, फ्रीचे डबे शून्य भावाने वेगळ्या ओळीत टाकले की मार्जिनचा रिपोर्ट वेडावाकडा दाखवतो, आमचा एक महिना तसाच गेला. किंमत पहिल्या वर्षी ट्रेनिंग धरून साठ हजारांच्या आसपास पडली, पुढे वर्षाचा मेंटेनन्स. आमच्याएवढ्या दुकानाला परवडते. चारपाचशे आयटमच्या दुकानाला एवढं लागणार नाही, त्यांच्या साध्या प्रोग्रामचे रिपोर्ट नीट वापरले तरी पुष्कळ.

आता शॉर्ट बुक. रिटेल दुकानात गल्ल्याजवळ एक वही असते, गिऱ्हाईकाने मागितलं आणि नव्हतं ते त्यात लिहितात. होलसेलमध्ये आमच्याकडे हे काम फोनवर होते, पार्टी विचारते अमुक आहे का, आमची ताई म्हणते नाहीये, आणि ती गोष्ट तिथेच विरून जाते. सॉफ्टवेअरला विक्री दिसते, मागणी दिसत नाही. एखादा आयटम संपलेला असला आणि दिवसाला वीस जणांनी विचारला तरी सिस्टमच्या लेखी त्याची विक्री शून्य, आणि मग सरासरी पण खाली येते, आणि पुढची ऑर्डर अजून कमी सुचते. म्हणजे जो माल आपल्याकडे कमी पडला तोच सिस्टम अजून कमी मागवायला सांगते! हे मला ओआरएसच्या वेळी लक्षात आलं, कारण त्या एप्रिलचा आकडा पुढच्या वर्षीसाठी पण खोटाच होता, माल संपल्यानंतरचे बारा दिवस त्यात कोरेच होते. तो आकडा मी हाताने दुरुस्त केला, बाबांना विचारून.

वेंडरला सहा वेळा सांगितलंय की बिलिंगच्या स्क्रीनवर एक बटण द्या, आयटम शोधला आणि स्टॉक नसला की ताईने ते दाबायचं, पार्टीचं नाव न किती मागितलं तेवढंच भरायचं. आणि ज्या दिवशी स्टॉक शून्य होता ते दिवस सरासरीतून वगळा. दुसरं झालं गेल्या महिन्यात. पहिलं अजून पुढच्या व्हर्जनमध्ये येते आहे असं सांगून राहिले. तोपर्यंत फोनजवळ दोरी बांधून दोनशे पानी वही ठेवलीय, ताई त्यात लिहिते, आणि रात्री दुकान बंद करायच्या आधी मी त्या ओळी एक्सेलमध्ये चढवते. काल तेवीस होत्या. त्यातल्या नऊ एकाच इन्हेलरच्या, आणि सिस्टममध्ये त्याची या आठवड्याची विक्री शून्य दिसतेय. बटण आलं की पाचवा स्टार इथेच येऊन टाकते.